पावसाळ्याआधी संपणारे प्रकल्प

डिझाइनच्या कुठल्याही कॉलेजचं वर्षअखेरचं प्रदर्शन पाहा. खुर्च्या, दिवे, खेळणी आणि मोबाइल ॲपच्या गर्दीत एक कोपरा सामाजिक कामाचा असतोच. नदीतल्या जलपर्णीपासून विणलेली पिशवी, पाणी आणायला चाकासारखा लोटायचा ड्रम, कमी धुराची चूल, सॅनिटरी पॅड टाकण्याची सोय, शेतकऱ्यांसाठी ॲप, प्लास्टिकविरोधी पोस्टर, कातकरी वस्तीवरच्या शाळेसाठी खेळ. मागच्या भिंतीवर शेतात उकिडवं बसून म्हाताऱ्या बाईशी बोलणाऱ्या विद्यार्थिनीचा फोटो. मुलं हे काम मनापासून करतात, रात्री जागतात, पदरचे पैसे घालतात. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न इतकाच की प्रदर्शन उठल्यावर त्या कोपऱ्यातल्या वस्तूंचं पुढे काय होतं.

याचा आढावा प्रदर्शनाच्या दालनात बसून घेण्यापेक्षा टाकवे बुद्रुकला बसून घेतलेला बरा. जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर कान्हे फाट्याला आत वळायचं, रेल्वेमार्ग आणि इंद्रायणीवरचा पूल ओलांडायचा, की टाकवे. पवन, नाणे आणि अंदर या तीन मावळांपैकी अंदर मावळाचं हे दार. इथे कारखान्यांच्या शेड भाताच्या खाचरांना खेटून उभ्या आहेत. आत गेलं की डोंगराच्या कुशीत ठाकर-कातकऱ्यांच्या वस्त्या आणि त्यांच्यापलीकडे टाटांचं ठोकळवाडी धरण. त्या धरणाचं पाणी घाटाखाली भिवपुरीला जातं आणि १९२२पासून तिथे वीज तयार करतं. ती वीज गेली मुंबईला. पलीकडच्या आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीत सोडतात, ते निघोज्याला उचलून पिंपरी-चिंचवडला जातं. त्या शहरासाठी मंजूर आहे दिवसाला १० कोटी लिटर. म्हणजे अंदर मावळातलं पाणी पश्चिमेलाही जातं आणि पूर्वेलाही. वरच्या वाड्यांवर मात्र एप्रिल-मे आला की बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. त्यात शनिवार-रविवारचे पर्यटक, त्यांचा कचरा, विकले गेलेले डोंगर आणि त्यांवरची फार्महाउसं. डिझाइनच्या विद्यार्थ्याला जे जे विषय हवेत ते सगळे इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन तासांत पुण्याला परतताही येतं. असल्या गावांत विद्यार्थी येतात ते त्यामुळेच. गावकऱ्यांना याचं अप्रूप राहिलेलं नाही. "फोटू काढून गेली, मंग परत कोन आलं न्हाय," असं म्हणणारी माणसं मावळात शोधावी लागत नाहीत.

या कामाची वंशावळ तशी मोठी आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलं होतं: कमरेवर बसतो कसा, ओततो कसा, घासायला किती सोपा. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईत जे. जे.मध्ये शिकलेले आणि पुढे जर्मनीत उल्म इथे गेलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. व्हिक्टर पापानेक यांचं 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' १९७१चं. त्यांनी आपल्याच धंद्याला चार शब्द सुनावले: तुम्ही श्रीमंतांच्या खेळण्यांत वेळ घालवता, गरजवंतांकडे कोण बघणार? १९७९च्या जानेवारीत अहमदाबादेत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि विकासासाठी डिझाइन, असा जाहीरनामाच निघाला. पुढे २००७ साली केंद्राने राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केलं. तोवर पुण्यात सिंबायोसिसची डिझाइन संस्था सुरू झाली होती, लोणी काळभोरला एमआयटीची होती, आणि मग खाजगी कॉलेजांची रांगच लागली.

इथे एक बदल झाला, त्याची वाच्यता फारशी होत नाही. सुरुवातीच्या संस्थांत मुलं थोडी आणि सरकारचा पैसा होता. आता वर्षाला काही लाख फी भरणारे पालक आहेत आणि मुलाला नोकरी लागली पाहिजे. नोकरीसाठी पोर्टफोलिओ लागतो, पोर्टफोलिओत संवेदनशीलता दिसावी लागते. मग सामाजिक प्रकल्प हा अभ्यासक्रमातला एक रकाना होऊन बसतो. मुलं तो प्रामाणिकपणे भरतात. पण रकाना भरला की पान उलटलं जातं.

सगळ्यात मोठी अडचण मला वेळापत्रकाची वाटते. सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं, दिवाळीपर्यंत वर्गातलं शिकणं. गावात जायचं ते नोव्हेंबरात किंवा जानेवारी-फेब्रुवारीत, हवा छान असताना. एप्रिल-मेमध्ये सादरीकरण, ज्यूरी, गुण. तेव्हा मावळात राब भाजून झालेला असतो आणि लोक आभाळाकडे बघत असतात. मावळचं सगळं आयुष्य त्यानंतरच्या पाच महिन्यांत घडतं. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा या काळातला. रोपं, चिखलणी, लावणी, फुटलेले बांध, सरपण भिजलेलं, रस्ता खचलेला, दवाखाना लांब, पोरांना शाळेत जायला ओढा आडवा. विद्यार्थ्याने पाहिलेलं गाव हे थंडीतलं गाव असतं. त्याची वस्तू उन्हाळ्यात तपासली जाते, पावसात कधीच नाही. मावळासाठी केलेल्या वस्तूने एकही पावसाळा पाहिलेला नसावा, याचं आश्चर्य वाटायला हवं. कॉलेजात ते कुणाला वाटत नाही.

लावणीच्या दिवसांत खाचरात उतरलं तर या मुद्द्याचा पुरावा बायकांच्या पाठीवर दिसायचा. आता कमी दिसतो. इरलं. बांबूच्या पातळ काड्यांची दोन जाळीदार विणकामं, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पळसाची सुकी पानं. डोक्यावर टेकतं आणि पाठीवरून खाली कमरेपर्यंत उतरतं. उभ्या माणसाला ते अवजड, बेढब वाटेल. कारण ते उभ्या माणसासाठी नाहीच. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी रोप लावत मागे सरकणाऱ्या बाईसाठी ते आहे. वाकलं की ते पाठीला बरोबर बसतं, पाणी मागे निथळतं, हात मोकळे राहतात आणि आत हवा खेळते. छत्री धरली तर एक हात गेला. रेनकोटात घामाने अंग भिजतं, मग पावसात भिजलेलं काय वाईट? आता इरल्याच्या जागी निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद आला. तो स्वस्त आणि हलका आहे, घडी करून ठेवता येतो. बाईने तो निवडला यात चूक काहीच नाही. इरलं विणणारा म्हातारा गेला, त्याच्या मुलाला ते विणण्यात मजुरी सुटत नाही. इरल्यावर विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतात, पण बहुतेक वेळा त्यातून निघतो तो लॅम्पशेड किंवा रिसॉर्टच्या भिंतीवरची शोभा. वाकलेल्या पाठीचा प्रश्न तिथेच राहतो. प्लास्टिकचा कागद पाठीला चिकटतो, वाऱ्याने उडतो, दोन हंगामांत फाटून बांधावर पडतो. त्याच्यात हवा कशी खेळवायची, हा लहानसा आणि खराखुरा प्रश्न घ्यायचा, तर जुलैत खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहावं लागेल.

पाण्याचे प्रकल्प हा सगळ्यात लोकप्रिय प्रकार. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांचं चित्र कुणालाही हलवतं. त्यावर उपाय म्हणून लोटत न्यायचा ड्रम पुन्हा पुन्हा 'शोधला' जातो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली ९० लिटरचा हिप्पो रोलर आला, सपाट मुलखात तो चांगला चालतो. अंदर मावळात वाडी वर आणि झरा खाली, किंवा उलटं. मधे दगडांची पायवाट. चढावर ९० किलो ओढायचे आणि उतारावर ९० किलो आवरायचे. बाई डोक्यावरचाच हंडा पसंत करणार.

दक्षिण आफ्रिकेतच दुसरी एक गोष्ट घडली, ती तर डिझाइनच्या प्रत्येक वर्गात सांगावी अशी. पोरं गोल चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने बोअरमधून पाणी वर येईल, अशी 'प्लेपंप' नावाची कल्पना. फोटोत इतकी गोड दिसते की विरोध कोण करणार? २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. पुढे हिशेब निघाला. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने २००९ साली मांडलं, की ठरवलेलं पाणी मिळवायचं तर पोरांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. पोरं दमून निघून जायची आणि म्हाताऱ्या बायका ते चक्र ढकलत बसायच्या. बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता. अनेक ठिकाणी लोकांनी आपला जुना हातपंप परत मागितला.

जगभर वापरल्या जाणाऱ्या एका हातपंपाचं मूळ मात्र आपल्याकडचं आहे, आणि डिझाइनच्या पुस्तकांत त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. १९६०च्या दशकात दुष्काळी भागात बोअर घ्यायला सुरुवात झाली. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या परसदारासाठी घडवलेले, परदेशी नमुन्यांवरून. इथे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत तो हापसणार. दांडा तुटायचा, खीळ झिजायची, पंप बंद पडायचा. १९७०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा बहुतेक पंप नादुरुस्त निघाले. जालन्याला मिशनच्या कामातल्या माणसांनी पोलादी पंप बनवून पाहिला; तो सुधारत सुधारत सोलापूरला आला. सोलापूरच्या विहिरी खोदणाऱ्या संस्थेने त्याला आणखी पक्का केला. दांड्याला बेअरिंग, टोकाला साखळी, त्यामुळे दांडा कसाही हापसला तरी खालची सळई सरळच वर-खाली होते आणि वाकडा ताण येत नाही. या सोलापुरी पंपावरून युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा नमुना तयार झाला. लहान कारखान्यांना बनवता येईल असा तो जाणूनबुजून साधा ठेवला आणि त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. आज तो जगभर लाखोंच्या संख्येने आहे. ज्यांनी तो घडवला ते बोअर खोदणारे आणि दुरुस्तीला बोलावले जाणारे लोक होते. पंप मोडला की शिव्या त्यांनाच खाव्या लागत. एवढी जवळीक विद्यार्थ्याला एका सत्रात कुठून मिळणार?

धुराच्या चुलीचा इतिहासही असाच बोलका. १९८३ ते २००२ या काळात केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, कोट्यवधी चुली बसल्या आणि पुष्कळशा विझल्या. कुठे धुराड्याची नळी साफ कोण करणार हे ठरलं नव्हतं, कुठे चुलीचं तोंड घरच्या भांड्याला लहान होतं. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने वेगळा मार्ग धरला. चुलीचे साचे केले, कुंभारांना आणि गावातल्या कारागिरांना ते शिकवले, चूल विकून त्यांना दोन पैसे मिळतील असं बघितलं. उसाच्या पाचटापासून कोळसा आणि घरगुती खरकट्यावरचा लहान बायोगॅस यांसाठी त्या संस्थेला २००२ आणि २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आज मावळात गॅस सिलिंडर बहुतेक घरी पोचला असेल. तरी आंघोळीचं पाणी तापवायला, भाकरीला, पावसाळ्यात घर उबदार ठेवायला चूल पेटतेच. धुराचा प्रश्न संपला असं समजून विषय सोडणाऱ्यांनी जुलैत एखाद्या ठाकराच्या घरात संध्याकाळी बसून यावं.

आता एक असं उदाहरण, ज्याला कुणी डिझाइन म्हणत नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन तिच्या बायका घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. कचरा हाताने निवडायचा म्हणजे वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर हातात येणार. त्यावर या बायकांनी जे केलं त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकल्या, पॅड त्यात गुंडाळून टाका म्हणून. मग २०१३ साली वापरलेले पॅड पुड्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांनाच पाठवले. नमुना परत पाठवला, असंच म्हणायचं. २०१६च्या घनकचरा नियमांत पॅड-डायपरच्या उत्पादकांनी पॅकसोबत टाकण्यासाठी वेष्टन द्यावं, अशी तरतूद आली. आणि घरच्यांसाठी साधी मोहीम: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की बाई ती पुडी उघडत नाही.

लाल ठिपका. खर्च शून्य, शाई कुठलीही, भाषा येवो न येवो, कळतो. कुणा विद्यार्थ्याने हे सादर केलं असतं तर ज्यूरीने विचारलं असतं, "यात तुझं डिझाइन कुठे?" मला तर उलट वाटतं: महाराष्ट्रात गेल्या २०-२५ वर्षांत झालेल्या चांगल्या डिझाइनची यादी केली तर हा ठिपका वरच्या पाचांत येईल. सगळ्या सोसायट्या तो काढत नाहीत ही गोष्ट वेगळी. तिथे अडतं ते आपल्या लाजेपाशी.

पर्यावरणाच्या प्रकल्पांत पहिला मान जलपर्णीचा. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगवते, मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते, आणि आळंदीला ऐन वारीच्या दिवसांतही तिच्यावर फेसाचे थर दिसतात. पुढच्या डोहांत जलपर्णीचा गालिचा. तिचे देठ सुकवून विणलेली टोपली, चटई, नोटबुकचं आवरण हे सगळं छान दिसतं. पण जलपर्णी नदीत का माजते? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. तिच्या टोपल्यांना गिऱ्हाईक मिळालं, धंदा उभा राहिला, तर त्या धंद्याला नदी घाण राहण्याचीच गरज पडेल. शिवाय नदीतून काढायची ती हजारो टनांनी आणि टोपल्या विकल्या जाणार शेकड्यांनी. या कामातून विद्यार्थी विणकाम शिकतो, त्याचं मोल आहे. पण त्याला नदीचा प्रकल्प म्हणू नये. नदीचा प्रकल्प करायचा तर नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्राच्या दारात उभं राहायला हवं, कुठल्या नाल्यातून किती पाणी प्रक्रियेविना येतं ते मोजायला हवं आणि ते आकडे आळंदीच्या वारकऱ्याला कळतील असे मांडायला हवेत. यात टोपलीसारखा सुंदर फोटो निघत नाही.

मांडणीचाच विषय निघाला म्हणून भाषेबद्दल. टाकव्यासाठी केलेल्या प्रकल्पाचं सादरीकरण इंग्रजीत, पोस्टर इंग्रजीत, ॲपचा नमुना इंग्रजीत. परीक्षकांना मराठी येत नाही, म्हणून. देवनागरी अक्षरं चांगली नाहीत ही सबब आता कुणी सांगू नये. पवईच्या याच डिझाइन केंद्रात शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी संगणकासाठी 'मंगल' फाँट घडवला, मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्ता'सारखे फाँट फुकट उपलब्ध केले. अक्षरं आहेत, वापरणारा हवा.

आणि पाट्यांचा प्रश्न मावळात जिवाशी येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार माणसं गेली. मावळात धोक्याच्या पाट्या कमी आहेत असं नाही. वर्षभर, मेच्या उन्हातसुद्धा 'धोका' म्हणणारी पाटी जूनमध्ये दिसेनाशी होते. शिवाय लोक पाटी वाचत नाहीत, दुसरे लोक कुठे उभे आहेत ते बघतात. पन्नास माणसं पुलावर असतील तर पूल सुरक्षित, असा हिशेब. पाण्याच्या पातळीबरोबर, गर्दीबरोबर बदलणारी सूचना कशी असावी, किती माणसं झाल्यावर वाट आपोआप बंद व्हावी, घाटावरच्या चहावाल्याला त्यात काय काम देता येईल, हे अव्वल दर्जाचं डिझाइनचं काम आहे. पण त्यासाठी पुन्हा पावसातला रविवार लागतो.

गर्दीवर विद्यार्थ्यांनी केलेलं एक काम नाशिकला झालं. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती. २०१५च्या सिंहस्थाआधी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीत असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' सुरू झालं. विद्यार्थी, पोलीस, महापालिका, दुकानदार एकत्र बसले. त्यातून निघालेली 'आशिओतो' ही चटई: वाटेवर अंथरायची, पावलांचा दाब मोजून किती लोक गेले ते सांगते. बनवणारा शाळकरी वयाचा मुलगा आणि त्याचे सोबती. ती खऱ्या कुंभात वापरली गेली. कुंभथॉनमध्ये उत्साहाच्या मानाने टिकलेलं थोडंच असेल, तरी तिथे एक गोष्ट कॉलेजात नसते ती होती: परीक्षेची तारीख पंचांगाने ठरवलेली. शाहीस्नानाच्या दिवशी चटई चालली तर चालली. नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२६-२७चा, त्यामुळे या अनुभवाचा उपयोग कोण कसा करतो ते लवकरच दिसेल.

शेतीकडे डिझाइनच्या मुलांचं लक्ष जातं ते ॲपच्या वाटेने. हवामान, बाजारभाव, कीड ओळखा. यावर मी वेळ घालवणार नाही. मावळात नवं येऊन रुजलेली वस्तू पाहायची असेल तर इंद्रायणी तांदूळ बघा. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि १९८७ साली प्रसारित झाली. वास आंबेमोहोराची आठवण करून देणारा, उतारा त्याहून चांगला. पैदासकाराला एक जात पक्की करायला एकामागून एक खरीप हंगाम बघावेच लागतात, त्याला पर्यायच नसतो.

दुसरं उदाहरण घाटाखालचं. नेरळच्या सगुणाबागेतले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही काढून टाकणारं 'सगुणा राइस तंत्र' बसवलं. कायमचे गादीवाफे, त्यांवर लोखंडी साचा दाबायचा, २५ सेंटिमीटरच्या सारख्या अंतरावर लहान भोकं पडतात, त्यात दाणे टाकायचे. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. साचा म्हणजे काय, तर लोखंडी चौकट, खाली खुंट्या आणि वर धरायला दांडा. तालुक्याच्या कुठल्याही वेल्डरला बनवता येतो. वाकलेल्या पाठीच्या प्रश्नाला इरल्याने आडोसा दिला होता, या साच्याने वाकणंच कमी केलं. या पद्धतीचं तणनाशकावरचं अवलंबन मला खटकतं आणि त्यावर टीकाही होते. इथे खरं म्हणजे विद्यार्थ्याला हात घालता येईल: गादीवाफ्यावर चालणारं, बाईच्या उंचीला बसणारं, हलकं तण काढायचं अवजार.

वेल्डरचा उल्लेख आला म्हणून पाबळ. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती शिकवायची, आणि ती शिकताना गावाची खरी कामं पैसे घेऊन करायची. पाबळचे घुमटाकार 'डोम' आणि 'मेकबुल' हा लहान ट्रॅक्टर याच आश्रमाचे. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची अगदी सुरुवातीची फॅब लॅब इथे आली. शहरातल्या डिझाइन कॉलेजांहून इथे दोन गोष्टी वेगळ्या. गिऱ्हाईक पैसे देतं, त्यामुळे वस्तू नकोशी झाली तर ते तोंडावर सांगतं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल गावकरी पाहुण्याला कधीच वाईट बोलत नाहीत, आणि विद्यार्थ्याच्या अहवालात त्याची 'उत्साही प्रतिसाद' म्हणून नोंद होते. दुसरं, शिकवणारा गावातच राहतो. मुलं बदलली तरी मागच्या वर्षीचं काय फसलं ते त्याच्या लक्षात असतं.

काही प्रश्न मात्र असे आहेत, जिथे वस्तू घेऊन जाण्यातच अर्थ नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊर इथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. धरण कुणाच्या जमिनीवर, पाणी कुणाचं, नळाने नेलं तर नदीकाठच्या पंपांना काय उरेल, हे ते भांडण. यात डिझाइनचं काय काम, असं विचारणारे भेटतात. काम आहे, पण ते वस्तूचं नाही. कुठल्या धरणातून किती पाणी कुठे जातं याचा टाकव्याच्या ग्रामसभेत भिंतीवर लावता येईल असा, मराठीतला, दरवर्षी बदलता येणारा एक नकाशा. ते आकडे पाटबंधारे खात्याकडे, वीज कंपनीकडे, महापालिकेकडे विखुरलेले असतात. माहितीचा अधिकार वापरून ते मिळवता येतात. विद्यार्थी असल्या विषयाला बिचकतात आणि कॉलेजं त्याहून जास्त. वादाच्या गावात मुलं पाठवायची कशाला?

उपाय म्हणून एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. प्रकल्पाचं वर्ष जूनमध्ये सुरू करून पुढच्या वर्षीच्या दिवाळीला संपवायचं, म्हणजे दोन लावण्या हाताशी येतात. पहिल्या पावसात नुसतं बघायचं आणि चिखलात उतरायचं, दुसऱ्या पावसात वस्तू वापरायला द्यायची. मधल्या उन्हाळ्यात टाकव्यातल्या वेल्डरकडून किंवा वाडीतल्या बांबूकाम करणाऱ्याकडून ती बनवून घ्यायची, त्याची मजुरी कॉलेजने द्यायची. फीच्या मानाने ती रक्कम किरकोळ आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे बसतं. तिसऱ्या वर्षाचं आणि चौथ्याचं काम जोडलं की झालं. अडचणी येतील: विमा, मुक्कामाची सोय, मुलींच्या पालकांची काळजी, आणि जुलैत वर्ग बुडतात म्हणून इतर प्राध्यापकांची कुरकुर. शेवटची ज्यूरी मग ग्रामपंचायतीच्या सभागृहात घ्यावी, ज्यांनी ती वस्तू वापरली त्या बायकांना गुण द्यायला बसवून. परीक्षकांना मराठी यावं लागेल, आणि गमबूटही आणावे लागतील.